प्रश्न तुमचे, उत्तरे जाणकारांची : प्रशिक्षणाचा पैसा येतो कुठून, अडतो कुठे?

शिक्षक प्रशिक्षणाचा निधी आणि मागास भागांचा विकास या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे थोडक्यात देत आहोत. लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे शिक्षण प्रशासन आणि लेखा या दोन्ही बाजू जाणणाऱ्या मंडळींनी दिली आहेत.

महोदय, आमच्या शाळाकेंद्रात, म्हणजे शेजारच्या शाळांच्या समूहात, यंदाही प्रशिक्षण लागले ते फेब्रुवारीअखेर. एकीकडे वार्षिक परीक्षा तोंडावर, दुसरीकडे तीन दिवस वर्ग वाऱ्यावर. जूनमध्ये द्यायचे प्रशिक्षण वर्ष संपताना का देतात? पैसा नाही म्हणावे, तर शेवटी घाईघाईने तो खर्च होतोच.
प्राथमिक शिक्षक, अक्कलकुवा तालुका

गुरुजी, पैसा असतो. तो तालुक्यात खर्चता येईल अशा रूपात पोचायलाच अर्धे वर्ष जाते.

सेवांतर्गत प्रशिक्षणाचा मोठा भाग ‘समग्र शिक्षा’तून होतो. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची जुनी केंद्रीय योजना या तिन्हींची मोट बांधून ती २०१८-१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात खर्चाची वाटणी केंद्र सरकार ६० टक्के, राज्य ४० टक्के. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभराचा आकडा २,९४,२८३ कोटी रुपयांचा होता आणि त्यात केंद्राचा वाटा १,८५,३९८ कोटींचा. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यात गणवेश, पुस्तके, बांधकाम, दिव्यांग मुलांच्या सोयी, कस्तुरबा गांधी विद्यालये असे सगळे आले. प्रशिक्षण ही त्यातली एक ओळ.

आता साखळी पाहा. ३० सप्टेंबरची स्थिती धरून यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीत माहिती भरली जाते. तिच्यावरून हिवाळ्यात जिल्ह्याचा आराखडा होतो, जिल्ह्यांचे आराखडे जुळवून राज्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार होते आणि ते दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळापुढे जाते. मंडळाचे इतिवृत्त आले की महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद जिल्हानिहाय तरतूद कळवते. याचा अर्थ, तुमच्या शाळाकेंद्राची गरज डिसेंबरपर्यंत आराखड्यात शिरली नाही, तर पुढचे अख्खे वर्ष तिच्यासाठी ‘लेखाशीर्ष नाही’ हेच उत्तर मिळणार.

खरी मेख पुढे आहे. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी २०२१ मध्ये एकल नोडल यंत्रणेची पद्धत आली, म्हणजे राज्यात एका योजनेचा पैसा एकाच यंत्रणेच्या खात्यातून फिरतो. केंद्र सरकार एका वेळी वर्षाच्या रकमेपैकी जास्तीत जास्त २५ टक्के सोडते. पुढचा हप्ता हवा असेल तर राज्याचा हिस्सा जमा झालेला हवा आणि आधीच्या रकमेपैकी निदान ७५ टक्के खर्ची पडलेली हवी. हा हिशेब राज्य पातळीवर होतो. त्यामुळे तुमच्या तालुक्याने देयके वेळेत चढवली तरी दुसऱ्या चार जिल्ह्यांत ती पडून असतील, तर हप्ता सगळ्यांचाच लांबतो. खालच्या कार्यालयांच्या खात्यात पैसे नसतातच. शून्य शिल्लक खाते असते आणि पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीवर खर्चाची मर्यादा दिसते. ही मर्यादा वर्षअखेर परत जाते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांना एकदम प्रशिक्षण आठवते.

तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत. एक, शाळाकेंद्राची गरज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लेखी स्वरूपात तालुक्याचे गट साधन केंद्र आणि डाएट, म्हणजे जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था, या दोघांकडे द्या. ‘भाषेचे प्रशिक्षण हवे’ एवढे मोघम लिहू नका; ‘इयत्ता दुसरी-तिसरीत जोडाक्षर वाचनात अडणारी मुले, सात शाळा, अकरा शिक्षक’ असे लिहा. दोन, ज्याला पैसा लागत नाही ते जून-जुलैतच उरका. शाळाकेंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, त्यासाठीच आहे. तिचा अर्धा वेळ परिपत्रके वाचून दाखवण्यात जातो, तो वाचवला तरी पाठ निरीक्षणाचे एक सत्र सहज बसते. मार्चमध्ये उरकलेले प्रशिक्षण वर्गात उतरायचे जूनमध्ये, आणि मधल्या काळात सुट्टी लागते, बदल्याही होतात.

शाळेला वर्षाला २५ हजार अनुदान येते. त्यातून एखादा तज्ज्ञ बोलावून शिक्षकांना शिकवता येईल का?
शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष, पाटण तालुका

नाही. २५ हजार म्हणजे तुमचा पट ३१ ते १०० मधला. हे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : ३० पर्यंत १० हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, त्यापुढे एक हजारापर्यंत ७५ हजार, त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. ते वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, साहित्य, इंटरनेट, पाणी यांसाठी आहे आणि निदान १० टक्के स्वच्छतेवर घालावे लागतात. मानधन त्यात बसवलेत तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. मात्र प्रशिक्षणात शिकलेले साहित्य बनवायला कार्डशीट, मणी, दोरा, पट्ट्या घ्यायला हरकत नाही. समितीच्या ठरावात वस्तू आणि संख्या लिहा.

केंद्रातील ४० शिक्षकांसाठी तीन दिवसांचे गणित प्रशिक्षण करायचे आहे. प्रस्ताव दोनदा परत आला. शेरा एकच : ‘अंदाजपत्रक सुस्पष्ट नाही.’ म्हणजे नेमके काय करायचे?
केंद्रप्रमुख, जिंतूर तालुका

केंद्रप्रमुख साहेब, ‘भोजन, साहित्य व इतर : ४० हजार’ अशी एक ओळ लिहिली की प्रस्ताव परत येणारच. लेखा विभाग आधी एक गोष्ट पाहतो : प्रति प्रशिक्षणार्थी प्रति दिवस खर्च किती? तुमचे ४० शिक्षक आणि तीन दिवस म्हणजे १२० प्रशिक्षणार्थी-दिवस. सगळे आकडे या १२० वर बसवायचे. खालचे दर केवळ मांडणी कळावी म्हणून घेतले आहेत. तुम्ही त्या वर्षीच्या मंजूर पत्रातले दर घाला.

दोन सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, तीन दिवस, म्हणजे सहा सुलभक-दिवस. जेवणाची पाने १२० नव्हेत, १२६. सुलभकांना विसरणे ही नेहमीची चूक, आणि मग ती रक्कम कुणाच्या तरी खिशातून जाते. चहा-भोजन १५० रुपयांनी १२६ पानांचे १८,९००. मानधन ५०० रुपयांनी सहा दिवसांचे ३,०००. प्रवास सरासरी ६० रुपयांनी १२० वेळा, ७,२००. छपाई आणि साहित्य माणशी ८० प्रमाणे ३,२००. एकूण ३२,३००, म्हणजे प्रति प्रशिक्षणार्थी-दिवस २६९ रुपये. ही शेवटची ओळ प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. दर मंजूर मर्यादेच्या आत आहे हे वाचणाऱ्याला दिसले की निम्मे काम झाले.

आता जी बाब बहुतेक प्रस्तावांत नसते ती : वर्गभेटी. प्रत्येक शिक्षकाकडे प्रशिक्षणानंतर दोन वेळा जायचे म्हटले तर ८० भेटी. दिवसाला चार झाल्या तर २० दिवस. दिवसाचा प्रवास २०० धरला तर ४,००० रुपये. एकूण अंदाज ३६,३०० वर जातो, म्हणजे वाढ एक अष्टमांशाच्या आसपास. प्रशिक्षणातले किती टिकले हे या चार हजारांवर ठरते, आणि कात्री लागली की पहिली याच बाबीला लागते. कारण साधे आहे : जेवणाचे बिल असते, भेटीचे नसते. म्हणून भेटीलाही कागद जोडा. एका पानाचा निरीक्षण तक्ता करा : तारीख, वर्ग, कोणता घटक शिकवला, मुलांनी साहित्य स्वतः हाताळले का, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचे ठरले, दोघांच्या सह्या.

प्रस्तावासोबत शिक्षकांची नावनिहाय यादी यू-डायस क्रमांकासह, दिवसवार वेळापत्रक, स्थळाचे संमतीपत्र आणि आधीच्या चाचणीतला मुलांचा निकाल जोडा. आवर्ती (पुन्हा पुन्हा होणारा) आणि अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च असे रकाने असतील तर प्रोजेक्टर वगैरे खरेदी यात घुसडू नका. एका वस्तूमुळे अख्खा प्रस्ताव खरेदी प्रक्रियेत अडकतो.

कार्यक्रम झाल्यावरच्या कागदांचे म्हणाल, तर हजेरी प्रत्येक सत्राची वेगळी घ्या. दिवसाच्या शेवटी एकदम घेतलेल्या सह्या एकाच पेनाने, एकाच झपाट्यात केलेल्या दिसतात आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो. देयके थेट खात्यावर जातात, रोख नाही. खानावळवाल्या बचत गटाची नोंदणी पीएफएमएसवर आधीच करून घ्या. पैसे परत येण्याचे सगळ्यात सामान्य कारण म्हणजे बदललेला आयएफएससी क्रमांक. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. अशा खात्यांचा क्रमांक जुन्या पासबुकावरून उतरवून घेऊ नका, शाखेतून खात्री करा. खात्यावरचे नाव आणि नोंदणीतले नाव अक्षराअक्षराने जुळायला हवे.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा अभ्यासक्रम पूर्ण केला, पण प्रमाणपत्र आले नाही. कार्यालय म्हणते, तुमचे तास धरता येणार नाहीत. काय करावे?
शिक्षिका, कागल तालुका

मॅडम, क्रमाने तपासा. तुम्ही ज्या लॉगिनने अभ्यासक्रमात सामील झालात, त्याच लॉगिनने आता पाहता आहात ना? मोबाइल क्रमांकाचे एक खाते, गूगलचे दुसरे, अशी दोन खाती झालेले शिक्षक पुष्कळ आहेत. अर्धी प्रगती इकडे, अर्धी तिकडे. मग टक्के पाहा. ९६ किंवा ९८ दाखवत असेल तर एखादी पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत सरकवलेली नाही, किंवा व्हिडिओ संपायच्या आत बंद केला आहे. ती बाब पुन्हा उघडा, शेवटपर्यंत न्या, इंटरनेट चालू ठेवून बाहेर पडा. निष्ठा या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या अभ्यासक्रमात शेवटच्या चाचणीत ७० टक्के गुण लागतात आणि संधी मोजक्याच असतात, हेही ध्यानात ठेवा. तुकडीची मुदत संपली असेल तर नंतर कितीही क्लिक केले तरी उपयोग नाही; पुढच्या तुकडीत पुन्हा नाव घालावे लागते. सगळे नीट असूनही प्रमाणपत्र दिसत नसेल तर काही दिवस थांबा, लगेच येत नाही. नाव मात्र सामील होण्याआधीच सेवापुस्तकाप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

तासांचे म्हणाल, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. प्रमाणपत्राची प्रत, अभ्यासक्रमाचे तास आणि तारीख अशी एक वही तुम्हीच ठेवा. कार्यालयाच्या नोंदीवर विसंबू नका.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रादेशिक अनुशेषाच्या, म्हणजे मागास भागांच्या विकासातल्या तुटीच्या, चर्चेत रस्ते आणि सिंचन ऐकू येते. शिक्षक प्रशिक्षणाचा त्याच्याशी संबंध कुणी जोडला होता का?
लातूर

जोडला होता, पण अर्धवट. संविधानाचे कलम ३७१(२) विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद करते, आणि त्यातच तांत्रिक शिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये नऊ क्षेत्रांचा अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये काढला : विदर्भ ३९.१२ टक्के, मराठवाडा २३.५६, उर्वरित महाराष्ट्र ३७.३२. त्या नऊ क्षेत्रांत सर्वसाधारण शिक्षण आणि तांत्रिक शिक्षण ही दोन स्वतंत्र क्षेत्रे होती. मंडळे १ मे १९९४ रोजी अस्तित्वात आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

त्याच १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, सुरू झाला. जिल्हे निवडायचा मुख्य निकष होता स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असणे. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे आले, पाचही मराठवाड्यातले : तेव्हाचे औरंगाबाद आणि उस्मानाबाद, शिवाय परभणी, नांदेड आणि तुमचे लातूर. केंद्राचा वाटा ८५ टक्के. शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये, शाळेला २,०००. आज तुम्ही गट साधन केंद्र आणि समूह साधन केंद्र म्हणून जे पाहता, ते या कार्यक्रमातून रुजले. मागास भागासाठी वेगळा निधी इमारतीऐवजी माणसांवर घातल्याचे हे आपल्याकडचे ठळक उदाहरण, आणि अनुशेषाच्या भाषणांत ते जवळजवळ कधीच येत नाही.

अभ्यासासाठी एक मुद्दा सुचवतो. रस्ता जिथे बांधला तिथेच राहतो, प्रशिक्षित शिक्षक राहत नाही. जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षे काढलेला शिक्षक बदलीचा हक्कदार होतो. तो हक्क रास्तच आहे. पण त्याचा परिणाम असा की अक्कलकुवा-धडगावात प्रशिक्षणावर घातलेला पैसा काही वर्षांत नंदुरबार शहराच्या आसपास जाऊन बसतो. म्हणून मागास तालुक्यात प्रशिक्षण व्यक्तीला देऊन भागत नाही, ते शाळाकेंद्राला चिकटवावे लागते : पाठांचे संग्रह, साहित्यपेट्या, वर्गभेटीचे दप्तर. माणूस गेला तरी मागून येणाऱ्याच्या हाताशी काही उरते. डाएटला उत्कृष्टता केंद्र करण्यासाठी देशातल्या ६१३ संस्थांना प्रत्येकी १५ कोटी रुपये देण्याची योजना २०२३ मध्ये आखली गेली. तो पैसा इमारतीत किती आणि अशा दप्तरात किती गेला, यावर तुमचा प्रबंध उभा राहू शकतो.

आकांक्षित जिल्ह्यांचे, म्हणजे केंद्र सरकारने मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांचेही पाहा. जानेवारी २०१८ पासूनच्या या कार्यक्रमात आपले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव आहेत. गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के वजन आहे. वेगळी मोठी तरतूद मात्र नाही. असलेल्याच योजना एकत्र आणून वापरायच्या.

आमच्या गावाला लागून सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणी आहेत. खनिज निधीतून शाळेची संरक्षक भिंत झाली, दोन वर्गखोल्या झाल्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर तो पैसा वापरता येईल का? आमदार निधी, वित्त आयोग, जिल्हा नियोजन यातून काही जमेल का?
सरपंच, कोरपना तालुका

सरपंचताई, एकेक घेऊ. आमदार निधी आणि खासदार निधी सोडून द्या; ते टिकाऊ मालमत्तेच्या कामांसाठी आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार व आस्थापना खर्च करता येत नाही. ग्रामपंचायतीने शिक्षकांचे मानधन द्यायचा ठराव केला तर तो इथेच अडतो.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी मात्र तुमच्या हक्काचा. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने तो सुरू झाला. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांकडून १० टक्के रक्कम त्यात येते. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार निदान ७० टक्के उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्च व्हायला हवेत, आणि शिक्षण त्यात आहे. योजना आली तेव्हापासूनच्या यादीत वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांच्या बरोबरीने दुर्गम भागात विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी निवासस्थाने, शिक्षक व साहाय्यक कर्मचारी नेमणे, ई-लर्निंग आणि वाहतूक यांचाही समावेश आहे.

पाहा, भिंतीपुरती ही यादी नाही. तरी भिंतच का होते? भिंतीला अंदाजपत्रक करणारा अभियंता असतो, ठेकेदार असतो आणि शेवटी कोनशिला असते. शिक्षक निवासाला आणि पूरक शिक्षकाला कुणी पाठीराखा नसतो.

‘प्रशिक्षण’ हा शब्द एकटा टाकून प्रस्ताव दिलात तर ते समग्र शिक्षेचे काम आहे, असे म्हणून तो बाजूला पडेल. असा बांधा : बाधित गावांतील अमुक शाळांसाठी विज्ञान पेट्या आणि ई-लर्निंग संच, ते चालवायला दोन साहाय्यक, आणि संच वापरण्याचे शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्याच कामाचा घटक. प्रशिक्षण देणार कोण हे डाएटच्या पत्राने आधीच ठरवा. संचासोबत तीन वर्षांची देखभाल मागा. नाहीतर इन्व्हर्टरची बॅटरी गेली की संच कपाटात जातो. साहाय्यकांची मुदत आणि निधी संपल्यावर काय, हे प्रस्तावातच लिहा. शाळेचे अंतर खाणीपासून किती, गाव प्रत्यक्ष बाधित यादीत आहे का, हे दाखवणारा नकाशा जोडा. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर ग्रामसभेची मान्यता लागते; नसले तरी ठराव जोडलेला बरा. प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत गेला तर अंमलबजावणी यंत्रणा कोण, हा प्रश्न उरत नाही.

जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजना’ हा मार्ग आहे. तिथे अट अशी की आधीच एखाद्या योजनेत होणारे काम नको आणि पगारासारखे कायमचे दायित्व नको. एकदाच होणारे, जिल्ह्यात आधी न झालेले प्रशिक्षण त्यात बसू शकते. जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे उन्हाळ्यातच जा. दिवाळीनंतर गेलात तर रक्कम आधीच्या कामांना बांधलेली असते.

वरिष्ठ वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाला दोन हजार शुल्क का? सरकारच प्रशिक्षण देते ना?
माध्यमिक शिक्षक, अचलपूर

समग्र शिक्षेतले प्रशिक्षण अध्यापनासाठी, म्हणून निःशुल्क. १२ वर्षांनंतरचे वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरचे निवड श्रेणीचे प्रशिक्षण तुमच्या वेतनलाभाची अट म्हणून होते आणि त्याचे शुल्क शिक्षकाकडून घेतले जाते. वाद घालण्यासारखा मुद्दा आहे, पण तो संघटनेने घालावा. तुम्ही नोंदणी चुकवू नका. प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय यांतला गट निवडताना चूक झाली की दुरुस्तीला फेऱ्या माराव्या लागतात. नेमणुकीचा गट आणि आज शिकवता तो वर्ग वेगळा असेल तर आधी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

गोव्यातील अनुदानित मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. हे सगळे आम्हाला लागू आहे का?
फोंडा

बाई, निधीचे प्रमाण तेच, ६० आणि ४०. प्रशिक्षण शासकीय आणि अनुदानित अशा दोन्ही शाळांतील शिक्षकांसाठी आहे. संयुक्त शाळा अनुदान मात्र फक्त शासकीय शाळांना. गोव्यात डाएट पर्वरीला आहे, त्यामुळे गरजेचे पत्र तालुक्यातून फिरवत बसण्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या सहीने थेट तिथे द्या आणि प्रत शिक्षण खात्याच्या तुमच्या विभागीय कार्यालयात द्या. पत्रात शाळेचा यू-डायस क्रमांक आणि अनुदानाचा प्रकार लिहायला विसरू नका. तो नसला की ‘खासगी’ म्हणून नाव गळते.